प्रायव्हेट्स प्रोग्रेस (1956) कुणी पाहिलाय का?

रानवारा:
मंडळी, काल आयॅम ऑल राइट जॅक (1959) पाहिला, पीटर सेलर्सचा युनियन लीडर म्हणजे कहर आहे! त्यातला तो भोळा स्टॅन्ली विंडरश म्हणे आधी प्रायव्हेट्स प्रोग्रेस नावाच्या पिक्चरमध्ये आर्मीत होता. तो बघण्यासारखा आहे का, की नुसतेच बराकीतले विनोद? सेलर्स आहे का त्यात?

टूरिंग_टॉकीज:
सेलर्स नाहीये, तरी बघाच. विंडरश (इयन कारमायकल) युनिव्हर्सिटीत शिकणारा साधा पोरगा, दुसऱ्या महायुद्धामुळे ब्रिटिश आर्मीत भरती व्हावं लागतं, ऑफिसरच्या निवडीत नापास होतो आणि जाऊन पडतो ते एकजात कामचुकारांच्या युनिटमध्ये. तिथे त्याला गुरू भेटतो प्रायव्हेट (म्हणजे साधा शिपाई) कॉक्स, म्हणजे रिचर्ड ॲटनबरो, गांधीचा डायरेक्टर, ज्याने आपल्या रोहिणी हट्टंगडींना कस्तुरबा केलं तोच. मला सगळ्यात आवडतो तो थिएटरचा सीन. मेजर हिचकॉक (टेरी-थॉमस, पुढच्या दातांत ती फट) काम सोडून पिक्चरला जाऊन बसतो आणि बघतो तर त्याचेच जवान तिथे बसलेत! पडद्यावर चालू असतो इन विच वी सर्व्ह, 1942 चा नेव्हीवरचा पिक्चर, ज्यात घाबरून जागा सोडणाऱ्या खलाशाचं काम ॲटनबरोनेच केलं होतं. हे माहीत असलं की त्या सीनची मजा दुप्पट होते.

साधा_प्रेक्षक:
पहिला तास झकास आहे, पण पुढे विंडरशचा तो ब्रिगेडियर काका (डेनिस प्राइस) जर्मनांनी लुटलेली चित्रं आपणच ढापायला निघतो, सगळे जर्मन वर्दी घालून, तिथे पिक्चर जरा ढेपाळतो असं माझं मत. शिवाय लाखो लोक मेले त्या युद्धात, सैनिक म्हणजे आळशी आणि चोर असं दाखवणं मला खटकलं.

टूरिंग_टॉकीज:
सेकंड हाफबद्दल मान्य. पण सैनिकांची टिंगल नाही वाटली मला. बनवणारे बोल्टिंग बंधू स्वतः युद्धात होते, जॉन एअरफोर्समध्ये आणि रॉय आर्मीच्या फिल्म युनिटमध्ये, रॉयची डेझर्ट व्हिक्टरी ही वाळवंटातल्या लढाईवरची डॉक्युमेंट्री ऑस्कर जिंकलीये. कारमायकलही आर्मीत होता. 1956 मध्ये थिएटरात बसलेल्या किती जणांनी ती परेड, ते ओरडणारे सार्जंट स्वतः सोसलेले असणार, त्यांचा राग वरच्या साहेबांवर आहे आणि पिक्चरमध्येही सगळ्यात मोठा चोर ब्रिगेडियरच आहे, बिचारा विंडरश तर शेवटपर्यंत सरळच राहतो. वॉर ऑफिसने (ब्रिटिश आर्मीचं सरकारी खातं) मदत केली नाही, तर यांनी टायटल्समध्येच लिहून टाकलं की कुणाचंही अधिकृत सहकार्य नाही त्याबद्दल आभार!

रानवारा:
धन्यवाद दोघांनाही, शनिवारी रात्री लावतो.