अटलांटिकचे हस्तलिखित सागरी नकाशे: श्रेय मोजणाऱ्याचं की छापणाऱ्याचं?

सागरगोटा:
अठराव्या शतकातल्या उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याचा विषय निघाला की सगळे 'अटलांटिक नेपच्यून'चं नाव घेतात. जोसेफ डेस बार्स यांनी 1770 च्या दशकात लंडनमध्ये काढायला घेतलेला हा छापील नकाशासंग्रह देखणा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण श्रेय द्यायचं तर ते आधी हाताने काढलेल्या मूळ नकाशांना द्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

एक आकडा कसा मिळायचा ते बघा. होडी वल्हवत ठरल्या रेषेत न्यायची. दोरीला बांधलेला शिशाचा गोळा पाण्यात सोडायचा आणि तळाला टेकला की किती वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) दोरी गेली ते मोजायचं. गोळ्याच्या बुडाला खळगा असतो, त्यात चरबी भरलेली. तिला वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा जे काही चिकटून येईल तेही टिपायचं, कारण नांगर धरेल की नाही हे त्यावरून कळतं. मग किनाऱ्यावरच्या ओळखीच्या खुणांशी कोन घेऊन होडीची जागा ठरवायची. आणि एवढं झाल्यावर कागदावर एक आकडा उमटायचा! कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात तर भरती-ओहोटीतला फरक काही ठिकाणी 15 मीटरच्या वर जातो. तिथे वेळ न लिहिता नोंदवलेली खोली काय कामाची?

मूळ कागदावर या आकड्यांच्या ओळी दिसतात. होडी कुठून कुठे गेली आणि कुठे गेलीच नाही, हेही दिसतं. त्या कोऱ्या जागा मला फार मोलाच्या वाटतात.

शिवाय 'नेपच्यून'मधलं न्यू इंग्लंडच्या किनाऱ्याचं काम ब्रिटिश सर्वेक्षक सॅम्युएल हॉलंड यांच्या तुकडीचं. आपल्याला पुरेसं श्रेय मिळालं नाही, ही हॉलंड यांची तक्रार होतीच.

तांडेल_रत्नागिरी:
सागरगोटा, लेखन आवडलं, पण निष्कर्ष अजिबात पटला नाही. माझी हयात जहाजावर गेली. कपाटात ठेवलेला नकाशा खलाशाच्या दृष्टीने नसल्यात जमा.

हस्तलिखिताची दुसरी प्रत हातानेच काढावी लागते. नक्कल करताना 3 चा 8 झाला की तीन वाव पाण्यात आठ वाव खोली आहे असं समजून कप्तान जहाज आत घालणार. तांब्याच्या पत्र्यावरची चूक एकदा सापडली की ठोकून सपाट करून पुन्हा कोरता येते आणि पुढची प्रत्येक प्रत दुरुस्त निघते. 'नेपच्यून'च्या एकाच नकाशाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या सापडतात त्या यामुळेच.

आणि डेस बार्स यांना नुसते प्रकाशक ठरवू नका. 1763 पासून दहा वर्षं त्यांनी स्वतः नोव्हा स्कोशियाचा किनारा मोजला, ज्या सेबल बेटाच्या वाळूत जहाजं फुटायची तेसुद्धा. छपाईच्या खर्चाच्या वसुलीसाठी त्यांना पुढे वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घालावे लागले.

जेम्स कुक यांचंच बघा. 1763 ते 1767 त्यांनी न्यूफाउंडलंड मोजलं. ते नकाशे आरमाराच्या कचेरीत पडून राहिले असते तर कॉड मासे पकडणाऱ्या कोळ्यांना काय मिळालं असतं? त्यांनी परवानगी काढून ते छापून घेतले, म्हणून पुढच्या शतकातही जहाजांना त्यांचा आधार राहिला.

मीनल_हॅलिफॅक्स:
तुम्ही दोघेही हे काम खलाशांच्या भल्यासाठी चाललं होतं असं धरून बोलताय. मी याच किनाऱ्यावर राहते, मला ते मान्य नाही.

हॉलंड यांच्या सर्वेक्षणासाठी 'कॅन्सो' नावाचं जहाज दिलेलं होतं, कप्तान हेन्री मोवॅट. 18 ऑक्टोबर 1775 ला याच मोवॅट यांनी, याच जहाजावरून, फाल्मथ गावावर तोफा डागल्या. म्हणजे आजचं मेनमधलं पोर्टलंड. बहुतेक गाव जळून गेलं. ज्या पाण्याची मोजणी झाली त्याच पाण्यातून तोफा आल्या!

सेंट जॉन बेटाचंही तेच, म्हणजे आजचं प्रिन्स एडवर्ड बेट. हॉलंड यांनी मोजणी करून त्याचे 67 तुकडे पाडले आणि 1767 मध्ये लंडनमध्ये सोडत काढून ते वाटले गेले. तिथले मूळ रहिवासी मिक्माक लोक कित्येक शतकं राहत होते, त्यांना कोणी विचारलं? श्रेय कोणाचं हा प्रश्न नंतरचा. आधी हे कशासाठी मोजलं ते लिहा.

सागरगोटा:
मीनलताई, फाल्मथची गोष्ट पूर्ण खरी आहे आणि ती या धाग्यात यायलाच हवी होती. पण ती माझ्याच बाजूने जाते. छापील संग्रहात सुबक किनारा आणि सुंदर देखावे असतात. घाई, लष्करी हेतू आणि कोणासाठी काम चाललंय हे कळायला मूळ कागदांकडेच जावं लागतं. 1763 च्या तहात न्यूफाउंडलंडजवळची सेंट पिएर आणि मिकेलॉन ही बेटं फ्रान्सला परत द्यायची ठरली, तेव्हा कुक यांची मोजणी पुरी होईपर्यंत फ्रेंच गव्हर्नरला जहाजावर ताटकळत ठेवलं होतं. हा हेतू छापील पानावर कुठे दिसतो?

तांडेलकाका, नकलेतल्या चुकांचं तुम्ही म्हणता ते बरोबर. पण कोरणारासुद्धा नक्कलच करतो आणि तीही उलटी. त्याने एकही दिवस होडीत काढलेला नसतो.

आणि विद्या हाताकडून हाताकडे जाते हेही विसरू नका. जुलै 1758 मध्ये लुईबर्गचा फ्रेंच किल्ला ब्रिटिशांच्या हाती पडल्यावर जवळच्या केनिंग्टन कोव्हच्या किनाऱ्यावर हॉलंड तिपाईवरच्या चौकोनी फळीवरून मोजणी करत होते. 'पेम्ब्रोक' जहाजावरचे कुक तिथे आले, हे काय चाललंय म्हणून चौकशी केली आणि शिकायला लागले. 1792 च्या पत्रात हॉलंड यांनीच हे लिहिलंय. त्या हिवाळ्यात दोघांनी हॅलिफॅक्सला जहाजावर बसून सेंट लॉरेन्स नदीचे नकाशे जुळवले आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिश आरमार त्या नदीतून फ्रेंचांच्या ताब्यातल्या क्वेबेकपर्यंत गेलं. तेव्हा 'नेपच्यून'चा पत्ताही नव्हता.

वाचनवेडा:
छोटी भर. हे कागद सांभाळायला ब्रिटिश आरमाराकडे 1795 पर्यंत स्वतंत्र खातंच नव्हतं. ते निघालं तेव्हा प्रमुख म्हणून अलेक्झांडर डॅलरिंपल यांना नेमलं. त्याआधी ते ईस्ट इंडिया कंपनीसाठी हेच काम करत आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याचे नकाशेही त्यांनी छापले होते. माझं मत तांडेलकाकांच्या बाजूने.

मीनल_हॅलिफॅक्स:
सागरगोटा, क्वेबेकचं उदाहरण देऊन तुम्ही माझंच म्हणणं पक्कं केलंत. तो नकाशा स्वारीसाठीच जुळवला होता. मूळ कागद बघायला माझी ना नाही, पण मिक्माक लोकांना तीच खाडी कशी ठाऊक होती हे त्या कागदावरही नाही. तुमच्या कोऱ्या जागांमध्ये माणसं राहत होती.

तांडेल_रत्नागिरी:
मीनल, तुझा राग रास्त आहे. तरी एक सांगतो. खडक कोणाचा झेंडा बघून जहाज फोडत नाही. नकाशा छापला गेला तेव्हा तो आरमाराइतकाच कोळ्याच्याही हातात आला. हस्तलिखित मात्र शेवटपर्यंत आरमाराकडेच राहिलं. सागरगोटा, याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.