आरशावरची चिठ्ठी: न पटणारी स्वयंसूचना रोज म्हणावी का?

रामबागचे गुरुजी
माझा भाचा इंदूरच्या भंवरकुआँ परिसरात खोली घेऊन राज्यसेवेची तयारी करतो. त्याच्या आरशाच्या कडेला एक पिवळी चिठ्ठी आहे, तिच्यावर निळ्या शाईने ‘मी उपजिल्हाधिकारी आहे’ असे लिहिले आहे आणि तिच्या खालीच खाणावळीचा उधारीचा हिशेब चिकटवलेला आहे. सकाळी दात घासून झाले की तो हे वाक्य मोठ्याने म्हणतो. इंदूरमध्ये अशा चिठ्ठ्या आता इतक्या खोल्यांत दिसतात की त्यांविषयी उघडपणे बोलायला हवे, असे मला वाटते.

स्वयंसूचनेला, म्हणजे स्वतःविषयीचे एखादे वाक्य स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगण्याला, माझा विरोध नाही. जे वाक्य उच्चारताक्षणी आपलेच मन ‘हे खोटे आहे’ म्हणून परतवून लावते, त्याला आहे. मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना घंटा वाजली की ‘मी प्रेमास पात्र आहे’ असे मनाशी म्हणायला सांगितले होते. ज्यांचा स्वतःविषयीचा आदर मुळात भक्कम होता त्यांना थोडे बरे वाटले. ज्यांचा तो कमी होता, म्हणजे ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, त्यांना मात्र न म्हणणाऱ्यांपेक्षाही वाईट वाटले. पूर्वपरीक्षेत एकदा अडखळलेला मुलगा दुसऱ्या गटात मोडण्याचीच शक्यता अधिक.

लोकमान्यनगरच्या योगवर्गवाल्या काकू
गुरुजी, आपल्याविषयी आदर आहेच, पण हे म्हणणे मला मान्य नाही. चार घटका प्रयोगशाळेत बसवून, दुसऱ्याने ठरवलेले वाक्य, घंटेच्या तालावर म्हणून घ्यायचे आणि त्यावरून महिनोन्‌महिने चालणाऱ्या साधनेचा निकाल लावायचा, हे एक दिवस सूर्यनमस्कार घालून कंबर दुखली म्हणून व्यायामालाच दोष देण्यासारखे आहे.

योगनिद्रेत आम्ही संकल्प करवतो. तो छोटा असतो, ज्याचा त्याने निवडलेला असतो, त्याचे शब्द रोज बदलायचे नसतात आणि शरीर सैल झाल्यावर तो आरंभी व शेवटी तीन-तीन वेळा मनात म्हणायचा असतो. त्या अवस्थेत मन वाद घालत बसत नाही. फ्रान्समधील औषधविक्रेते एमिल कुए (1857–1926) यांनीही लोकांना हेच शिकवले. ‘दिवसेंदिवस, सर्व बाबतींत, मी अधिकाधिक बरा होत आहे’ हे वाक्य उठल्यावर आणि झोपण्यापूर्वी वीस वेळा पुटपुटायचे, मोजण्यासाठी वीस गाठींची दोरी हातात धरायची आणि त्यात इच्छाशक्तीचा जोर मुळीच लावायचा नाही, असे ते सांगत. आपल्याकडची जपमाळच म्हणा ना! विश्वास आधी बसला पाहिजे ही आपली अटच मला उलटी वाटते, कारण तो बसावा म्हणूनच तर वाक्य म्हणायचे असते.

सुदामानगरकर
दोन्ही बाजूंनी वेळेचा अपव्ययच सांगितला जात आहे. गॅब्रिएल ओटिंगेन आणि डोरिस मायर यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जर्मनीतील पदवीधरांची पाहणी होती. नोकरी मिळाल्याची गोड स्वप्ने जे वारंवार रंगवत होते, त्यांनी दोन वर्षांत अर्ज कमी केले, त्यांना नोकरीचे प्रस्तावही कमी आले आणि पगारही कमी मिळाला. मनाने पद उपभोगले की हातपाय सुस्तावतात. चिठ्ठी फाडावी आणि त्या जागी राज्यघटनेची अनुच्छेदे चिकटवावीत.

रामबागचे गुरुजी
सुदामानगरकर, त्याच अभ्यासात यश मिळेल अशी साधार अपेक्षा बाळगणाऱ्यांचे भले झाले होते, तेवढे मात्र आपण गाळलेत. स्वप्नरंजन आणि अपेक्षा यांत भेद आहे आणि माझा मुद्दाही तोच आहे.

काकू, कुए यांचे उदाहरण आपण दिलेत, पण त्यांच्या वाक्याची घडण पाहा. ‘मी बरा झालो आहे’ असे ते म्हणायला लावत नव्हते. ‘बरा होत आहे’ असे म्हणवून घेत होते. चालू असलेली क्रिया मनाला नाकारता येत नाही, निदान लगेच तरी नाही. ‘मी उपजिल्हाधिकारी आहे’ हे मात्र खाणावळवाल्याने उधारी मागितली की कोसळते. शिवाय जाहिरात कधी निघेल, पदे किती असतील, मुलाखतीला समोर कोण असेल, यांपैकी काहीही उमेदवाराच्या हाती नसते, आणि जे हाती नाही ते स्वतःचे म्हणून रोज घोकणे मला धोक्याचे वाटते.

एक परीक्षार्थी, भंवरकुआँ
आपण सर्व वडीलधारे आहात, तरी एक विचारते: ती चिठ्ठी कशासाठी आहे, हे मामांनी भाच्याला विचारले आहे का? माझ्या खोलीतही अशी चिठ्ठी होती. ती खरी आहे असे मी एक दिवसही मानले नाही. घरून दर रविवारी फोन येतो, ‘यंदा तरी होईल ना?’ असे विचारले जाते आणि फोन ठेवल्यावर समोर दुसरे काहीतरी वाचायला हवे असते, एवढाच तिचा उपयोग होता. त्याला स्वप्नरंजन म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

पुढे मी वाक्य काढून टाकले आणि महिन्यातून एकदा वहीत अर्धे पान लिहू लागले: मला कशाची किंमत वाटते आणि का. त्यात परीक्षेचा उल्लेख कटाक्षाने टाळते. धाकट्या बहिणीला गणित समजावून सांगणे, दिलेला शब्द पाळणे, असेच काही असते. क्लॉड स्टील यांनी 1988 मध्ये मांडलेली स्व-पुष्टीची कल्पना हीच आहे. एका ठिकाणी मार बसला तरी आपण सगळेच्या सगळे वाया गेलो नाही, याची आठवण राहिली की मार सोसता येतो. जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतील सातवीच्या कृष्णवर्णीय मुलांकडून असे लेखन करवून घेतले तेव्हा त्यांचे गुण सुधारले होते. पुढील मोठ्या प्रयोगांत तो परिणाम सगळीकडे तसाच आढळला नाही, हेही सांगते, नाहीतर सुदामानगरकर सांगतीलच.

सुदामानगरकर
सांगणारच होतो. मात्र आपली वही मला चिठ्ठीपेक्षा पटते, कारण तीत बढाई नाही.

योगवर्गवाल्या काकू
सर्वांनी एक गोष्ट सोडून दिली, ती म्हणजे बोलायचे कोणाशी. समर्थांचे मनाचे श्लोक दोनशे पाच आहेत आणि त्यांत पुन्हा पुन्हा मनाला हाक मारून सांगितले आहे. ‘मी असा आहे’ अशी द्वाही त्यांत फिरवलेली नाही. ईथन क्रॉस यांच्या 2014 च्या प्रयोगांतही भाषणापूर्वी स्वतःला ‘मी’ न म्हणता ‘तू’ म्हणून किंवा नावाने हाक मारून समजावणारे कमी घाबरले आणि बोललेही अधिक बरे. तेव्हा वाक्याची घडण सुधारा, हे गुरुजींचे म्हणणे मी एवढ्यापुरते मान्य करते. रोजच्या आवर्तनाला पर्याय आहे, हे मात्र मान्य नाही. वही महिन्यातून एकदा उघडते, मन मात्र रोज पहाटे बिथरते.

रामबागचे गुरुजी
मग भाच्यासाठी असे वाक्य सुचवतो: ‘राज्यव्यवस्थेचा प्रश्न अडला, तर तू त्यावर खूण करून पुढे जाशील, सोपे प्रश्न आधी संपवशील आणि उरलेल्या वेळात शांतपणे परत येशील.’ अमुक अडचण आली तर काय करायचे ते आधीच ठरवून ठेवण्याची पीटर गोलविट्झर यांची ‘जर–तर’ पद्धत यात आली, काकूंचा ‘तू’ही आला आणि कोणाच्या हाती नसलेले पद वगळले गेले.

एक परीक्षार्थी, भंवरकुआँ
हे वाक्य परीक्षागृहासाठी उत्तम आहे, पण आरशासमोर त्याचा उपयोग नाही. सकाळी राज्यव्यवस्थेचा प्रश्न अडत नाही, मोबाइल हातातून सुटत नाही. माझ्या टेबलावर सध्या ‘चहा संपला की मोबाइल कपाटात, आणि कालचे चुकलेले प्रश्न आधी’ एवढेच लिहिलेले आहे. शिवाय मामांनी लिहून दिलेली चिठ्ठी भाचा दोन दिवसांत काढून टाकेल. त्याला कोरा कागद द्यावा आणि जुनी चिठ्ठी, त्याला हवी असेल तोवर, तिथेच राहू द्यावी.