मदत हवी आहे: वरचं अंग भरलेलं, पाय बारीक. लग्नात काय घालू? (लवकर सांगा)

गिरणाकाठ
नमस्कार. दिराचं लग्न आहे. माझं छाती-पोट भरलेलं आहे, पाय आणि कंबरेखालचा भाग मात्र बारीक. काहीही घातलं तरी कपडा छातीवर अडकतो आणि तिथून खाली सरळ लोंबतो. तीन ब्लाऊज शिवले, तिन्ही बाद. शेवटचं परवा आणलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या हुकाच्या मध्ये फट पडते, तिथे आतून सेफ्टी पिन लावावी लागते. आणि तेच ब्लाऊज खांद्यावर सैल, हात वर केला की घसरतं. टेलर म्हणतात, "ताई, तुमचं मापच अवघड आहे." तयार कुर्ता छातीला बसेल असा घेतला तर खांद्याची शिलाई दंडावर येते. वैताग आलाय. मोठ्या जावेच्या लग्नापासून घरातल्या प्रत्येक फोटोत मी मागच्या रांगेत उभी आहे. या वेळी मला पुढे उभं राहायचंय. काय घालू, कुठून घेऊ, पटकन सांगा. वेळ नाही.

तापीची लेक
लग्न कधी आहे? कुठे? साडीच नेसायची की ड्रेस चालेल? काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

केळीची बाग
सरळ प्रिन्सेस कट शिवा (पुढे छातीवरून खालपर्यंत उभ्या शिलाया येतात तो), मागे हुक किंवा बाजूला चेन, मोठा गळा. माझी छातीही भरलेलीच आहे. दहा वर्षं झाली, मी दुसरं काही शिवत नाही. पुढून एकदम सफाईदार बसतं, हुकाची भानगडच नाही. डोळे मिटून शिवा.

गिरणाकाठ
२० मे. धुळ्याला, मांडवातच, हॉल नाही. हळदीला ड्रेस चालतो, लग्नाला साडीच.

सातपुडा
मे महिन्यात मांडवात! मग जॉर्जेट, क्रेप विसरा. जळगाव-भुसावळकडे ४५ अंश होतं तेव्हा धुळंही काही थंड नसतं. मलमल किंवा मऊ सुती घ्या. पॉलिस्टर अंगावर घातलं की तासाभरात पाठ भिजते आणि ओला कपडा नेमका पोटाला चिकटतो.

नवापूर लोकल
मलमल लग्नात? घरच्या कार्यात सून मलमलची साडी नेसून फिरली तर पाहुणे काय म्हणतील? भरलेल्या अंगाला जॉर्जेटसारखं कापड नाही. अंगाबरोबर पडतं, फुगत नाही. आम्ही नंदुरबारहून गाडीत बसतो, सुरतेला उतरतो, दिवसभरात सगळ्या घराच्या साड्या घेऊन परत. एकदा जाऊन या.

सातपुडा
सुरतेच्या होलसेल बाजारात एक-दोन नग बरेच जण देत नाहीत, सेट घ्यावा लागतो. एका साडीसाठी कशाला पाठवता त्यांना? आणि फुगण्याचं म्हणाल तर फुगते ती खळ दिलेली सुती, ऑर्गेंझा, टिश्यू. मऊ मलमल फुगत नाही. दोन धुण्यांनंतर तर आणखी मऊ होते.

सुईदोरा
अमळनेरला माझं टेलरिंगचं काम आहे, २२ वर्षं झाली. कापडावर नंतर भांडा, आधी माप बघू. ताई, तुमचं माप अवघड नाही. हुकाला फट आणि खांद्याला सैल, हे दोन्ही एकाच ब्लाऊजमध्ये असेल तर चूक कापण्यात आहे. टेलरने छातीचा घेर घेतला, पुढचा आणि मागचा भाग त्याचे सारखे दोन हिस्से करून कापला, आणि शोल्डरही त्याच घेरावरून ठरवलं. तुमची पाठ बारीक असणार, सगळं माप पुढे आहे. म्हणून पुढे ताण येतो आणि मागे, खांद्यावर कापड उरतं. मला एवढी मापं द्या: छाती, छातीच्या लगेच खाली, बेंबीवर कंबर, सीट (कंबरेखालचा सगळ्यात रुंद घेर), शोल्डर, आणि खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंत.

गिरणाकाठ
टेलरनी छाती आणि कंबर एवढंच मोजलं होतं. आत्ता नणंदेकडून घेतली मापं. छाती ४२, छातीखाली ३६, कंबर ४०, सीट ४०, शोल्डर १४. टोकापर्यंत साडेअकरा.

तापीची लेक
आतमध्ये ब्रा कोणत्या मापाची घालता? विचारते म्हणून राग मानू नका, निम्मं उत्तर तिथे आहे.

गिरणाकाठ
४० बी. दुकानात तीच देतात.

तापीची लेक
तिथेच चुकतंय बघा. छातीखाली ३६ असेल तर पट्टा ३६ चा लागतो. छाती आणि पट्टा यांच्यातल्या दर इंचाला एक कप धरतात. तुमचा फरक ६ इंच, म्हणजे डीच्याही पुढचा कप. अक्षरं कंपनीप्रमाणे बदलतात, पण बी नक्कीच नाही. ४० चा पट्टा पाठीवर वर चढतो, मग पुढचं सगळं वजन खांद्याच्या पट्ट्यांवर येतं. खांद्यावर लाल वळ उठतात ना? भार पट्ट्याने घ्यायचा असतो, तो पाठीवर आडवा, सरळ बसला पाहिजे. छाती जागेवर आली की तिच्याखाली दोन-तीन बोटं रिकामी जागा दिसायला लागते. तुम्हाला कंबर आहेच, ती छातीखाली दडली आहे. हे मी स्वतः चाळिशीत कळल्यावर सांगतेय, तोपर्यंत मी पण ४० बी घालत होते. आणि कोणतंही ब्लाऊज शिवायला टाकण्याआधी हे घ्या. ज्यावर नेसणार तेच घालून माप द्यायचं.

गिरणाकाठ
वळ उठतात. रोज.

आरोग्यमित्र
कपड्यांपेक्षा मूळ प्रश्नाकडे बघा. भारतीय स्त्रियांसाठी कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला की पोटावरची चरबी जास्त समजतात. तुमचा ४० इंच म्हणजे १०० च्या वर. थायरॉईड आणि साखर तपासा. रात्रीची कळण्याची भाकरी बंद करा, रोज ४५ मिनिटं चाला. २० मेपर्यंत फरक पडेल.

तापीची लेक
तपासण्या कराव्यात, मान्य. पण त्यांनी ते विचारलेलं नाही. आणि बारीक झाल्यावर चांगले कपडे घालू असं म्हणत माझ्या आईची पंचवीस वर्षं गेली. कपाटात घड्या तशाच राहिल्या. आज जे अंग आहे त्याला आज कपडा हवा.

केळीची बाग
मी पुन्हा सांगते, प्रिन्सेस कट. मागे हुक.

गिरणाकाठ
मागे हुक नाही चालणार, बाळ अंगावर पितं ना.

केळीची बाग
बाळ? कोणतं बाळ?

गिरणाकाठ
माझं. आठ महिन्यांचं आहे. लिहिलं नव्हतं का?

अहिराणी माय
माय वं, बाळ आठ महिनानं शे आनि तू आते सांगस? पोट कशाले जाई इतल्या लवकर! माझ्या दोन्ही बाळंतपणांनंतर दीड-दोन वर्षं तसंच होतं. आणि ते भाकरी बंद करायला सांगणारे, दूध पाजणाऱ्या बाईला असं सांगतात का? तू पोटभर जेव.

आरोग्यमित्र
मला माहीत नव्हतं. माझा सल्ला मागे घेतो. पाजत असताना खाणं कमी करू नका. चालणं मात्र डॉक्टरांना विचारून सुरू ठेवा.

सुईदोरा
मग सगळंच बदललं. प्रिन्सेस कट बाद, पुढे हुक असलेलं कटोरी ब्लाऊजच शिवा. कटोरीत छातीचा गोल वेगळ्या तुकड्यांनी बनतो, त्यामुळे पुढचं जास्तीचं माप जिथे लागतं तिथेच मिळतं. खालची पट्टी छातीच्या बरोबर खाली बसते आणि धरून ठेवते. तुमच्या टेलरला हे असंच सांगा:

पुढचा भाग मागच्यापेक्षा दीड-दोन इंच जास्त ठेवा. शोल्डर १४ वेगळं मोजून, छातीवरून काढायचं नाही. कटोरीचं टोक साडेअकरावर, साध्या चार्टवर नाही. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो गोल, जरा वर घ्या. मुंढा खोल असला की हात उचलल्यावर सगळं ब्लाऊज वर येतं. दोन्ही बाजूंना शिलाईच्या आत दीड इंच जास्तीचं कापड (दाब) ठेवा, कापून टाकू नका. हुक जवळजवळ लावा, एखादा जास्तच, आणि हुकपट्टी रुंद. अस्तर सुती, पाण्यात भिजवून वाळवलेलं, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि पुन्हा तीच फट.

एक राहिलं. माप दूध भरलेलं असताना द्या, पाजून झाल्यावर लगेच देऊ नका. पाजून दिलेलं माप चार तासांनी घट्ट होतं. तुमची तीन ब्लाऊजं याच्यामुळेही बिघडली असतील.

गिरणाकाठ
हो! माप द्यायला गेले तेव्हा प्रत्येक वेळी बाळाला पाजून, झोपवूनच गेले होते. कुणीच हे सांगितलं नव्हतं.

तापीची लेक
पाजताना घालायची पुढून उघडणारी मिळते, तार नसलेली घ्या. पट्टा ३६, मोठा कप. जळगावला फुले मार्केटमध्ये दोन-चार दुकानं फिरा, "४० दाखवा" म्हणू नका, दोन्ही मापं सांगा आणि घालून बघा.

केळीची बाग
बरं, कटोरी तर कटोरी. पण गळा बंद नको. भरलेल्या छातीवर बंद गळा आणि बोट नेक दोन्ही आडवे दिसतात. व्ही किंवा खोल यू. बाही कोपराच्या जरा खाली. दंडाच्या मध्यावर, छातीच्या रेषेत बाही संपली की तिथे आडवी रेघ पडते आणि माणूस रुंद दिसतं. एवढं तरी माझं ऐका.

सुईदोरा
गळ्याचं आणि बाहीचं बरोबर आहे ताईंचं.

नवापूर लोकल
साडी कोणती ठरली?

गिरणाकाठ
पैठणी. सासूबाईंनी दिलीये, लग्नात तीच नेसायची, ते ठरलेलंच आहे.

सातपुडा
म्हणजे आम्ही इतका वेळ मलमल-जॉर्जेट करत होतो आणि साडी कपाटात तयार आहे.

येवल्याची माहेरवाशीण
पैठणी मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. दर काही महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घडी घाला, नाहीतर जरीची तार घडीवर तुटते. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका. अत्तर थेट साडीवर मारू नका.

गिरणाकाठ
धन्यवाद, पण मला नेसायची कशी ते हवंय. पदर जरीचा आणि जड आहे. छातीवर घड्या घातल्या की गठ्ठा होतो.

अहिराणी माय
पदराच्या घड्या रुंद घाल, चार-पाच बोटांच्या, अरुंद घातल्या की एकावर एक थर चढतो. खांद्यावर एकच पिन, तिथून पुढे पदर मोकळा. बाळ भुकेजलं की तोच पदर पसरून पाजता येतं, मांडवात कुठे खोली शोधत फिरणार? पिन खांद्याच्या मागच्या बाजूला लाव, झाकण असलेली, बाळाच्या गालाला लागायला नको. मी नातवाला घेऊन असंच अख्खं लग्न काढलंय.
आणि परकराची नाडी! नाडी पोटात रुतली की वर-खाली दोन वळ्या पडतात. रुंद पट्ट्याचा परकर शिव, बेंबीच्या जरा वर बांध. निऱ्या कमी आणि चपट्या, पोटाच्या मधोमध न खोचता थोड्या डावीकडे.

केळीची बाग
परकराऐवजी ते अंगाला घट्ट बसणारं साडी शेपवेअर मिळतं ना आता? पोट एकदम सपाट.

तापीची लेक
बाळंतपणाला आठच महिने झालेत आणि मेचं ऊन. त्यात दिवसभर पोट आवळून बसायचं? मी नाही सांगणार कुणाला. पट्ट्याचा परकर पुरेसा आहे.

केळीची बाग
मी फोटोपुरतं म्हणत होते. पण ठीक आहे, उन्हाचं बरोबर आहे.

सातपुडा
हळदीला तरी मलमल घ्या हो. पिवळा, छातीच्या खाली जोड असलेला, तिथून खाली घेर. जोड छातीच्या मधोमध आला तर घेर छातीवरूनच सुटतो आणि पोट दिसतं त्यापेक्षा दुप्पट दिसतं. छातीच्या पूर्ण खाली, जिथे तुमचं ३६ आहे तिथे जोड. उंची गुडघ्यापर्यंत, खाली बारीक सरळ पँट. पाय तुमचे बारीक आहेत, झाकू नका. गडद वर आणि हलकं खाली हे एरवीच्या कपड्यांना. हळदीत पिवळंच. ओढणी दोन्ही खांद्यांवरून आडवी न घेता एका खांद्यावर सरळ सोडा, उभी रेघ दिसते.

अहिराणी माय
हळदीला शेवभाजी आहे की भरीत-पुरी? सहज विचारते.

गिरणाकाठ
वरण-बट्टी.

(चार दिवसांनी)

गिरणाकाठ
सांगायला आलेय. फुले मार्केटमध्ये तिसऱ्या दुकानात ३६ चा पट्टा मिळाला, पुढून उघडणारी. घरी येऊन जुना कुर्ता वर घातला तर तो छातीवर अडकायचा थांबला. मग नवीन टेलरकडे गेले, सुईदोरा दादांचं लिहिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवलं. त्यांनी न बोलता शोल्डर वेगळं मोजलं. आज कच्च्या शिलाईची ट्रायल झाली. हुक सगळे लागले, मध्ये फट नाही. हात वर करून पाहिला, खांदा जागेवर. सासूबाई बाहेर बाकावर बाळाला घेऊन बसल्या होत्या, त्यांनी आत डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "पाठीवरची सुरकुती तेवढी काढायला सांग." ती पण निघतेय म्हणाले.
हळदीचं पिवळं मलमल घेतलंय, साडेतीन मीटर. छातीखाली जोड ठरलाय, पण त्यात पाजायचं कसं? चेन कुठे लावायची?

सुईदोरा
जोडाच्या शिलाईतच, दोन्ही बाजूंना एकेक, आडवी, ७ इंची न दिसणारी चेन. जोडावर चुण्या ठेवल्या की झाकली जाते. चेनच्या आतून मऊ कापडाची पट्टी लावायला सांगा, बाळाला टोचणार नाही.

गिरणाकाठ
दोन्ही बाजूंना ७ इंची. आतून पट्टी. उद्या सकाळी कापड टाकते.