भिशीचे साठ हजार हातात येणार आहेत, आधी काय करू? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही नाशिकला राहतो. मिस्टर अंबडच्या एका कारखान्यात आहेत, पगार हातात ३६,५०० येतो. मी घरी फॉल-पिको आणि ब्लाउज शिवते, त्याचे साडेचार हजारांच्या आसपास सुटतात. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि चौथीतली मुलगी.

गेल्या वर्षी सासऱ्यांना अचानक दवाखान्यात ठेवावं लागलं. ते परत घरी आले नाहीत. त्या दहा दिवसांत शिल्लक होती ती गेली आणि उरलेलं बिल क्रेडिट कार्डावर टाकलं. तेव्हापासून किमान रक्कम न चुकता भरतोय, मला वाटायचं कर्ज फिटतंय. गणपतीच्या सुट्टीत पहिल्यांदा स्टेटमेंट ओळ न् ओळ वाचलं. बाकी ५८,०००. त्यावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे २,०३०, व्याजावर १८ टक्के जीएसटी ३६५. आम्ही भरतो २,९००. म्हणजे मुद्दलातून जेमतेम पाचशे कमी होतात! त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून वहीत रोजचा खर्च लिहिते. घराचा हप्ता १२,८००, किराणा साडेसहा, दूध १,८००, भाजी दोन हजार, शाळेची फी आणि रिक्षा ३,२००, पेट्रोल दोन, लाइटबिल तेराशे, गॅस आणि मोबाइल मिळून १,८००, सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या १,९००, भिशी तीन आणि कार्ड २,९००. सगळं जाऊन दोन हजारसुद्धा उरत नाहीत, आणि त्यातच आहेर, आजारपण, पाहुणे. डॉक्टरांना विचारून गोळ्या आता जनऔषधी केंद्रातून आणते, तिथे बराच फरक पडला. किराण्यात मात्र आणखी कुठे हात आखडावा ते सुचत नाही. मुलीचं दूध मी कमी करणार नाही.

आमची भिशी वीस जणींची, तीन-तीन हजारांची. पुढच्या महिन्यात माझा नंबर आहे, साठ हजार मिळतील. नंतरचे अकरा हप्ते भरायचेच आहेत. मिस्टरांचं म्हणणं, घराच्या कर्जात भरू, ते सगळ्यात मोठं ओझं आहे. सासूबाई म्हणतात, नातीसाठी सोनं घे, अडीअडचणीला तेच उभं राहतं. त्यांचं चूक म्हणवत नाही, सासऱ्यांच्या वेळी त्यांनीच पाटल्या काढून दिल्या होत्या. मला मुलीचं सुकन्या खातं काढायचंय, ती जानेवारीत दहा पूर्ण करते आणि त्यानंतर खातं निघत नाही. आणि कार्डही डोक्यावर आहेच. साठ हजार एकच आहेत. आधी काय करावं? मिस्टरांना न दुखवता कसं समजवावं?

प्रतिसाद:
ताई, आधी कार्ड. घराच्या कर्जाला वर्षाला नऊ टक्क्यांच्या आसपास व्याज असेल, कार्डाचं साडेतीन गुणिले बारा म्हणजे ४२ टक्के होतं. हे दोन आकडे दादांसमोर शेजारी-शेजारी लिहून ठेवा, वाद घालावा लागणार नाही. सुकन्या खातं २५० रुपयांत उघडतं. मुलीचा जन्मदाखला, तुमचं आधार आणि पॅन घेऊन याच महिन्यात पोस्टात जा, जानेवारीची वाट बघू नका. पुढे वर्षाला किमान २५० भरले तरी खातं चालू राहतं, जमेल तसं वाढवा. आणि एक, बाकी पूर्ण फिटेपर्यंत कार्डावर नवीन काही घेऊ नका. जुनी बाकी असताना नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

धागाकर्ती:
मनापासून आभार. २५० रुपयांत खातं निघतं हे माहीतच नव्हतं, मी पाच-दहा हजार तरी लागतील असं धरून बसले होते. सोमवारी पोस्टात जाते. आकडे वहीत लिहिलेत, आज रात्री जेवणं झाली की मिस्टरांना दाखवते. अजून एक विचारू का? कार्ड फिटलं की महिन्याचे २,९०० मोकळे होतील. ते आधी दवाखान्यासाठी बाजूला टाकू की सासूबाईंच्या पाटल्यांसाठी? त्या कधी मागणार नाहीत, पण माझ्या मनातून जात नाही.