झर्ग रश : केवळ संख्येच्या बळावर डाव कसा जिंकला जातो?

प्रश्न
स्टारक्राफ्ट या संगणकीय युद्धखेळात माझी पहिली बराक (सैनिक तयार करणारी इमारत) जेमतेम उभी राहते, तोच झर्ग या परग्रही जमातीच्या छोट्या झर्गलिंगांची झुंड तळावर येऊन धडकते आणि डाव तिथेच आटोपतो. एकेकटा झर्गलिंग दुबळा असूनही ‘झर्ग रश’, म्हणजे सुरुवातीलाच घाईने केलेला हा झुंडीचा हल्ला, इतका परिणामकारक का ठरतो? हा निव्वळ संख्येचा खेळ आहे, की त्यामागे आणखी काही हिशेब आहे?

प्रतिसाद १
हिशेब आहे, आणि तो संख्येइतकाच वेळेचाही आहे. १९९८ च्या मूळ खेळात ५० मिनरलांत (खेळातल्या खनिजरूपी चलनात) दोन झर्गलिंग मिळतात, तर तेवढ्यात टेरन या मानवी पक्षाला एकच मरीन सैनिक मिळतो आणि प्रोटॉस या तिसऱ्या पक्षाला एका झीलट योद्ध्यासाठी १०० मोजावे लागतात. शिवाय बराकीतून एका वेळी एकच सैनिक तयार होतो. झर्गांच्या हॅचरी या मुख्य इमारतीजवळ साचलेल्या तिन्ही अळ्यांपासून मात्र एकदमच सैनिक तयार करता येतात. ‘फोर पूल’ खेळणारा तर सुरुवातीच्या चार ड्रोनांवरच (झर्गांच्या कामगारांवरच) भागवून थेट स्पॉनिंग पूल, म्हणजे झर्गलिंगांसाठी लागणारी इमारत, बांधतो, म्हणजे पुढची सगळी मिळकत त्याने या एका हल्ल्यावर पणाला लावलेली असते. हल्ला परतवलात की तो कंगाल झालेला असतो. काही जण याला रडीचा डाव म्हणतात. माझ्या मते एवढी जोखीम पत्करणाऱ्याला तसे म्हणणे अन्यायाचे आहे.

प्रतिसाद २
जागेचा मुद्दा राहिला. झर्गलिंग अगदी भिडूनच मारा करू शकतो, त्यामुळे मोकळ्या मैदानात सहा जण एकाला घेरतात, पण चिंचोळ्या चढावर किंवा दोन इमारतींमधल्या फटीत एकदोघेच पुढे येऊ शकतात आणि बाकीचे मागे ताटकळतात. ब्रिटिश अभियंता लँचेस्टर यांनी १९१६ मध्ये मांडलेले गणित इथे लागू पडते : सर्वांना एकाच वेळी मारा करता येत असेल, तर सैन्याचे बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, एकास एक झुंज असेल, तर केवळ संख्येच्या प्रमाणात. म्हणून वाट अरुंद करा आणि गरज पडल्यास कामगारांनाही लढाईत उतरवा.

प्रतिसाद ३
गिल्ड वॉर्स २ या दुसऱ्या ऑनलाइन खेळात खेळाडूंच्या मोठ्या जमावालाच ‘झर्ग’ म्हणतात, पण तिथे घाईचा संबंध उरत नाही. तिथले बहुतेक क्षेत्रीय मारे (एका जागेवरच्या सगळ्यांवर होणारे हल्ले) एका वेळी पाचच जणांना लागतात, त्यामुळे दाटीवाटीने चालणारा जमाव उलट अधिक सुरक्षित राहतो.

प्रतिसाद ४
प्रश्नकर्त्यासाठी एक व्यावहारिक सूचना : अगदी सुरुवातीलाच एक कामगार टेहळणीला पाठवा. समोर ड्रोन मोजकेच आणि स्पॉनिंग पूल मात्र उभा राहताना दिसला, तर विस्ताराचे सगळे बेत बाजूला ठेवून हाती येणारे मिनरल सैनिकांवरच खर्च करा.