मदत हवी आहे: तंजावरला तीन रात्री, आई-बाबांसाठी हॉटेल कुठल्या भागात घ्यावं?

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं (मी, नवरा, आई-बाबा) नाशिकहून तंजावरला निघतोय. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे पावसाचे दिवस म्हणून दिवाळीची सुट्टी सोडली, पोंगलची गर्दीही टाळली. तिकिटं झाली, पण हॉटेलपाशी घोडं अडलंय.

बाबा निवृत्तीनंतर मोडी शिकले. तेव्हापासून घरात तंजावरचाच विषय. व्यंकोजीराजांची गादी, दुसऱ्या सरफोजीराजांनी वाढवलेलं सरस्वती महाल ग्रंथालय, तिथली मोडी कागदपत्रं. बृहदीश्वराच्या आवारात भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलाय, १८०३ सालचा. तो त्यांना भिंतीसमोर उभं राहून, ओळ न ओळ, सावकाश वाचायचाय. त्यामुळे देवळात एक चक्कर मारून भागणार नाही, रोज जावं लागणार.

बृहदीश्वराचं हे मोठं देऊळ दुपारी साडेबारा ते चार बंद असतं. आत अनवाणी चालायचं आणि ऊन चढलं की फरशी तापते. आईचे दोन्ही गुडघे दुखतात. म्हणजे सकाळी लवकर जायचं, दुपारी खोलीवर येऊन जेवून आडवं व्हायचं, पुन्हा चारनंतर निघायचं. हॉटेल लांब असेल तर दिवसाला चार फेऱ्या रिक्षात आणि आई दुसऱ्याच दिवशी म्हणेल, "तुम्ही जा, मी थांबते." मला ते नकोय. तिलाही तो नंदी आणि संध्याकाळच्या उन्हातलं शिखर बघू दे.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला, स्टेशनकडून जुन्या बसस्टँडकडे येणाऱ्या गांधीजी रोडवरची हॉटेलं. आम्ही चेन्नई एग्मोरहून रात्रीच्या गाडीने पहाटे उतरणार, त्या दृष्टीने हे सोयीचं. दुसरा, राजवाड्याच्या बाजूच्या जुन्या पेठेतली लॉज. बाबांचा जीव तिथे. मी पंचवटीत वाढले, त्यामुळे देवळाजवळच्या गल्लीत राहण्याची गंमत कळते आणि पहाटेपासूनचा भोंगा, गाडी दाराशी न येणं, हेही कळतं. तिसरा, शहराबाहेर नदीकाठचं रिसॉर्ट. फोटो सुंदर आहेत, पण वरचं दुपारचं गणित तिथे बसत नाही. नवरा अजून त्याच्याच बाजूने आहे.

माझा कल गांधीजी रोडकडे आहे. पण मागच्या वर्षी एका तीर्थक्षेत्री चांगलाच धडा मिळालाय. ॲपवर "लिफ्ट आहे" लिहिलं होतं. होतीही, पण पहिल्या मजल्यापासून! रस्त्यावरून तिथपर्यंत अठरा पायऱ्या, एका बाजूलाच कठडा. आई दर पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कठडा घट्ट धरून चढली आणि वर पोचल्यावर काही बोलली नाही, फक्त गुडघ्याला हात लावून बसली. "मंदिरापासून पाच मिनिटं" हेसुद्धा गाडीने निघालं. म्हणून यावेळी जाऊन आलेल्यांनाच विचारतेय.

बजेट एका खोलीला ३००० ते ४००० रुपये, खोल्या दोन. कमोड आणि तळमजल्यापासून लिफ्ट हव्यातच. एसी नसला तरी चालेल, पण रस्त्याच्या बाजूची खोली नको, बाबांची झोप फार सावध.

तर मला सांगा:

गांधीजी रोडवरून आईसारख्या माणसाला देवळापर्यंत चालत जाणं जमेल का, की रिक्षाच? रिक्षावाले जवळच्या भाड्याला तयार होतात का?

तामिळनाडूत बऱ्याच हॉटेलांत खोली घेतल्यापासून चोवीस तास धरतात. तंजावरला तुम्हाला तसं मिळालं का, की पहाटे पोचल्यावर बारापर्यंत सामान घेऊन बसावं लागलं?

आणि दारासुरम, गंगैकोंडचोळपुरम ही कुंभकोणमकडची चोळांची दोन्ही देवळं एका दिवसात करायची तर एक रात्र कुंभकोणमला हलवावी की तंजावरहूनच गाडी करून परत यावं? सामान बांधणं-सोडणं आईला नको वाटतं.

हॉटेलचं नाव सुचवलंत तर कुठल्या साली राहिला होतात आणि लिफ्टपर्यंत पायऱ्या किती, तेवढं जरूर लिहा. रविवारी बुकिंग करायचंय.