हँडहेल्ड स्कॅनर क्रेडलमध्ये नीट चार्ज होत नाहीत. सफाई कशी करावी?

प्रश्न
आमच्या गोदामातील बारकोड स्कॅनर दोन्ही पाळ्यांत अनेकांच्या हातून फिरतात आणि काम संपल्यावर क्रेडलमध्ये, म्हणजे चार्जिंगच्या स्टँडमध्ये, ठेवले जातात. हल्ली त्यांपैकी काही रात्रभर ठेवूनही सकाळी अर्धेच चार्ज झालेले आढळतात. जरा हलवून बसवले की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने पुन्हा विझतो. क्रेडलच्या पिनांवर काळपट-हिरवट थर दिसतो. पाळी बदलताना स्कॅनरवर जंतुनाशक फवारून तो पुसण्याची पद्धत आहे. पिना पॉलिश पेपरने घासाव्यात का?

प्रतिसाद १
पॉलिश पेपर मुळीच लावू नये. अशा पिनांवर बहुधा सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो. तो खरवडला गेला की पिना काही दिवस चकचकीत दिसतात आणि मग पूर्वीपेक्षा लवकर गंजतात. थराचे मूळ मला तुमच्या फवारणीतच दिसते. स्कॅनर ओला असतानाच क्रेडलमध्ये बसवला, तर दोन पिनांमधील ओलाव्यातून वीज वाहू लागते, धन बाजूच्या पिनेचा धातू विरघळतो आणि त्याचे क्षार तेथेच साचतात. जंतुनाशकात सोडियम हायपोक्लोराइट असल्यास हे अधिक झपाट्याने घडते.

सफाईपूर्वी क्रेडलचा अडॅप्टर सॉकेटमधून काढावा. 90 टक्क्यांहून अधिक तीव्रतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी भिजवून, ती निथळणार नाही इतपत पिळून, पिनांवरून हलकेच फिरवावी आणि काडी काळी पडेनाशी होईपर्यंत नवी काडी घेत राहावे. पिना स्प्रिंगच्या असतील, तर प्रत्येक पीन दाबून ती इतरांच्या उंचीला परत येते का, हे पाहावे. दबून राहिलेली पीन कितीही पुसली तरी उपयोग नाही, ती बदलावीच लागते. क्रेडल लख्ख करून स्कॅनरच्या बुडाचे संपर्कबिंदू तसेच सोडण्याची चूक सर्रास होते, तेही पुसावेत.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे, मात्र रोजच्या निर्जंतुकीकरणासाठी 70 टक्क्यांचे अल्कोहोलच योग्य, कारण त्यातील पाण्यामुळे ते पृष्ठभागावर अधिक काळ टिकून जंतूंवर परिणाम करते. ते स्कॅनरवर न फवारता कापडावर घ्यावे आणि स्कॅनर पूर्ण वाळल्यावरच क्रेडलमध्ये ठेवावा. ॲसिटोन व अमोनियायुक्त द्रावणे टाळावीत. उत्पादकाच्या माहितीपत्रकात चालणाऱ्या रसायनांची यादी असल्यास तीच प्रमाण मानावी. सॅनिटायझरने ओल्या असलेल्या हातांनी स्कॅनर हाताळल्यानेही काही प्रकारच्या प्लास्टिकला कालांतराने बारीक तडे जातात, याकडे कोणी लक्ष देत नाही.

स्कॅनर आयपी 67 दर्जाचा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. तो दर्जा धुळीपासून संरक्षण आणि 1 मीटर खोल साध्या पाण्यातील 30 मिनिटे एवढ्यापुरता असतो. त्यात रसायने येत नाहीत आणि क्रेडलला तर तो सहसा नसतोच.

प्रतिसाद ३
घासपूस सुरू करण्यापूर्वी अदलाबदल करून पाहावी. व्यवस्थित चार्ज होणारा स्कॅनर संशयित क्रेडलमध्ये आणि संशयित स्कॅनर चांगल्या क्रेडलमध्ये ठेवला की दोष कोणाकडे आहे, हे लगेच कळते. दोष स्कॅनरबरोबरच फिरत असेल, तर त्याचे मागचे झाकण उचलले गेले आहे का, तेही तपासावे. फुगलेल्या बॅटरीमुळे स्कॅनर क्रेडलमध्ये पूर्ण बसत नाही आणि नेमकी हीच लक्षणे दिसतात. तशी बॅटरी दाबून बसवू नये वा पुन्हा चार्ज करू नये. ती काढून ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलनाकडे द्यावी.